काळ्या गाडीवरची जाळी, रबिंग-पॉलिश आणि दोन पावसांत उडालेली चमक

फुलेवाडीकर (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. गाडी काळी, सेदान, सेकंडहँड घेतलेली, एमएच ०९ (कोल्हापूर) पासिंग. सावलीत उभी असली की आरसा. उन्हात बोनेटवर सूर्य चमकला की त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल गोल चरे. रात्री पेट्रोल पंपावरच्या एलईडीखाली तर बघवत नाही. नखाला काही लागत नाही, डोळ्याला मात्र लागतं.

शहरातल्या एका ठिकाणी रबिंग-पॉलिश करून घेतलं. नाव लिहीत नाही, धागा त्यासाठी नाही. गाडी हातात आली तेव्हा खरंच चकाचक होती. मग पाऊस लागला, नेहमीसारखी धुतली, आणि जाळी होती तशी परत. वर एक नवीनच प्रकार सुरू झालाय. उन्हात गाडीभोवती फिरलं की बोनेटवर उजळ पट्ट्या आपल्याबरोबर सरकतात. विचारायला गेलो तर म्हणाले, "काळी गाडी हाय साहेब, असंच असतंय. सिरॅमिक मारून घ्या."

तर जाणकारांनी सांगावं. ही जाळी खरोखर निघते का, की फक्त झाकली जाते? घरी मशीन आणून करणं कितपत शहाणपणाचं? आणि सिरॅमिकवर, म्हणजे रंगावर मारायच्या त्या पातळ संरक्षक थरावर, पैसे घालायचे की नाही?

पांढरारस्सा

पहिला नंबर माझा! काळी गाडी घेणं म्हणजे पांढरा शर्ट घालून तांबड्या रश्शाच्या पंगतीला बसणं. हौस आहे तर भोगा. बाकी जाणकार येईपर्यंत बसलोय इथेच.

मायक्रॉनमास्तर

आधी एक गैरसमज काढू. ते चरे गोल नसतातच. पत्र्यावर बारीक चरे सगळ्या दिशांना आडवेतिडवे पसरलेले असतात. प्रकाशाचा एकच ठिपका असला, म्हणजे सूर्य किंवा टॉर्च, की त्या ठिपक्याकडे जाणाऱ्या रेषेला जे चरे आडवे पडलेत तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्याकडे फेकतात. बाकीचे तिथेच असतात, पण त्या क्षणी दिसत नाहीत. दिसणारे सगळे मिळून वर्तुळ तयार होतं. टॉर्च हलवून बघा, जाळंही टॉर्चबरोबर हलेल. त्यामुळे 'फडकं गोल फिरवू नका, सरळ पुसा म्हणजे चरे पडणार नाहीत' हा सल्ला अर्धाच खरा आहे. धुळीवरून फडकं सरळ ओढलं तरी चरा पडतोच, फक्त सरळ पडतो.

ट्यूबलाइटखाली किंवा ढगाळ हवेत प्रकाश सगळीकडून येतो, म्हणून चरे लपतात. सेकंडहँड गाडी बघायला संध्याकाळी बोलावतात ते उगाच नाही.

आता चरे कुठे असतात ते. पत्र्यावर सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपल्याकडे गॅरेजवाले लॅकरही म्हणतात. सगळे थर धरून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), काही गाड्यांत त्याहून कमी. त्यात क्लिअर साधारण ४० ते ५०. डोक्याचा केस अंदाजे ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे ज्या थरावर हा सगळा खेळ चाललाय तो केसापेक्षा पातळ. जाळीचे चरे क्लिअरच्या वरच्या काही मायक्रॉनमध्येच असतात. ते काढायचे म्हणजे आजूबाजूचा क्लिअर चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. चरा 'भरला' जात नाही, त्याच्या काठाची जमीन खाली उतरते. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश एकाच दिशेने परततो, त्यालाच आपण चमक म्हणतो. चमक बाटलीतून येत नाही.

यावरून पुढचं आपोआप कळतं. दर वेळी थोडा क्लिअर जाणार आणि तो परत येत नाही. दर दिवाळीला रबिंग करणाऱ्यांच्या गाडीचं टप (छत) आणि बोनेट काही वर्षांनी पांढरं पडून पापुद्रे का सुटतात, याचं एक कारण हे. दुसरं कारण ऊन.

उद्यमनगरी

मास्तरांनी थिअरी सांगितली, मी गॅरेजची बाजू सांगतो. आमच्या घरात दोन पिढ्या डेंटिंग-पेंटिंगचं काम हाय, म्हणून बोलालोय.

भावा, तुझ्या गाडीवरची जाळी काढलीच न्हाई, झाकलीय. पॉलिशच्या बऱ्याच डब्यांत तेल आन् फिलर असतंय, ग्लेज म्हणत्यात त्याला. ते चऱ्यात बसतंय, गाडी ओली असल्यागत चमकतीया. दोन-चार वेळा शॅम्पूनं धुतली की फिलर जातंय आन् जाळी हजर. ह्यात कुणी फसवालंय असंच न्हाई. शोरूममधनं नवी गाडी द्यायच्या आधी सुद्धा असं करत्यात. तासाभरात गाडी पायजे म्हटल्यावर दुसरं काय होणार?

आन् त्या सरकणाऱ्या पट्ट्या म्हंजे होलोग्राम. ते रोटरी मशीनचं काम. रोटरी नुसती एकाच जाग्यावर गरगर फिरतीया. लोकरीचं पॅड, कडक कंपाउंड (घासायची खरखरीत पेस्ट), आन् वर हात बसलेला नसला की पॅड प्रत्येक फेऱ्याची खूण ठेवून जातंय. रोटरी वाईट न्हाई. आमच्या वडिलांनी आयुष्यभर रोटरीच वापरली आन् त्यांच्या हातची गाडी उन्हात धरा, एक पट्टी दिसायची न्हाई. पण कंपाउंडनंतर मऊ फोमचं पॅड लावून बारीक पॉलिशचा दुसरा हात मारायला लागतोय. तो दुसरा हात लोक गाळत्यात.

पहिलं काम सांगतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, पाण्यात पातळ कर, मऊ मायक्रोफायबरनं बोनेटवर हातभर जागा पुस आन् टॉर्च मार. आजूबाजूपेक्षा तिथं जाळी जास्त उठून दिसली तर अजून फिलर शिल्लक हाय. नव्यानं रंगवलेल्या पार्टवर मात्र अल्कोहोल लावू नको, रंग पक्का व्हायला वेळ लागतोय.

वडापवाला

एवढं मायक्रॉन-बियक्रॉन कशाला करता रे पोरांनो. आम्ही गगनबावडा लाईनला जीप चालवली. सकाळी बादलीभर पाणी, मग रॉकेल नाहीतर डिझेलचा बोळा सगळीकडून फिरवायचा. गाडी अशी चमकायची की पॅसेंजर आधी आमच्या गाडीत बसायचं. कुठला कंपाउंड अन् कुठलं सिरॅमिक.

मायक्रॉनमास्तर

काका, चमकायची यात शंका नाही. तेलाचा पातळ थर चऱ्यांत भरतो, ग्लेज करतं तेच. पण त्या तेलकट थरावर रस्त्याची धूळ चिकटते, आणि दुसऱ्या दिवशी बोळा फिरला की तीच धूळ घासली जाते. शिवाय रबरी बीडिंग फुगून खराब होतं ते वेगळं. तुमच्या जीपला तेव्हा बहुधा सिंगल स्टेज रंग असेल, म्हणजे वर वेगळा क्लिअर नाही, रंगातच चमक. तसल्या रंगाचा उडालेला वरचा थर घासून काढला की खालचा ताजा रंग दिसतो. जुन्या ॲम्बेसेडर, पद्मिनी, मारुती ८०० घासताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा तो यामुळेच. आजच्या गाडीवर पॅडला रंग लागला तर थांबायचं. त्याचा अर्थ क्लिअर संपला, किंवा गाडी सिंगल स्टेजची आहे.

वडापवाला

बीडिंग फुगतंय हे खरं. दर पावसाळ्यात बदलायला लागायचं. बाकी पटलं न्हाई, पण चालू द्या.

साखरपेरणी

मशीनवर चर्चा करण्याआधी चरे येतात कुठून ते बघा ना. आमच्या रुईकर कॉलनीच्या अपार्टमेंटमध्ये सकाळी गाड्या पुसायला एक दादा येतात. एक बादली, एक फडकं, आणि पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या. तळाशी बोटभर गाळ बसलेला, फडकं त्यातच बुडवून पुढच्या गाडीवर. फडकं हातात घेऊन उन्हात धरलं तर विणीत अडकलेले वाळूचे कण चमकत होते. दादांचा त्यात काय दोष? महिन्याला ठरलेल्या पैशात एवढ्या गाड्या त्यांनी पाणी बदलून बदलून पुसायच्या तर दुपार होईल.

मी त्यांच्याशी सरळ बोलले. माझ्या गाडीवर कोरडं फडकं अजिबात नको, रोज पुसायचीही गरज नाही. काचा तेवढ्या पुसा, पैसे तेच. आठवड्यातून एकदा मी स्वतः धुते. दादा आधी म्हणाले, "ताई, गाडी घाण दिसली तर लोक मला बोलतील." तो प्रश्न आम्ही सोसायटीच्या ग्रुपवर लिहून सोडवला.

माझी गाडी पांढरी आहे, त्यामुळे जाळी दिसत नाही म्हणून मी सुखात. पण असते तीही, हे मला माहीत आहे.

पुणेरी_पॅड

ताईंशी शंभर टक्के सहमत. मी पुण्यात डिटेलिंगचंच, म्हणजे गाड्या बारकाईने धुऊन-पॉलिश करून देण्याचं काम करतो. (कोल्हापूरकरांनी लगेच बाह्या सरसावू नयेत, सासुरवाडी राजारामपुरीत आहे.)

माझ्याकडे येणाऱ्या काळ्या गाड्यांतली बहुतेक जाळी धुण्यापुसण्यातून आलेली असते, रस्त्यावरून नाही. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७. त्याच्यापुढे क्लिअर कोट फारच मऊ. फडकं कितीही महाग असू दे, खाली तो कण असेल तर चरा पडणारच. म्हणून अंगाला हात लावण्याआधी जेवढी धूळ पाण्याने जाईल तेवढी घालवायची. प्रेशरचं पाणी, मग फोम मारून पाच मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, परत पाणी. त्यानंतर दोन बादल्या. एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मिट (धुवायचा हातमोजा) शॅम्पूत बुडवा, एक पॅनेल धुवा, साध्या पाण्यात खळबळवा, मगच परत शॅम्पूत. बादलीच्या तळाला जाळीची चकती मिळते, ती टाकली की गाळ खाली राहतो. वरून खाली या. टप आणि काचा आधी, दाराचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, कारण सगळी वाळू तिथेच असते. चाकांचा मिट वेगळा.

पुसायला जाड टॉवेल, हजार जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम वजन) आसपासचा. तो पसरून नुसता ओढायचा, दाबायचं नाही. जुनी बनियन, पंचा आणि ते झटकणीचं पिसाऱ्यासारखं प्रकरण गाडीतून आजच काढा. भांड्याच्या साबणाने चरे पडत नाहीत, पण वॅक्स लावलं असेल तर ते उतरतं.

ही सवय बदलली नाही तर पॉलिशवर पैसे घालू नका. सहा महिन्यांत जाळी परत येईल आणि क्लिअर मात्र गेलेला असेल.

शिरोलीकर

आमच्याकडचा वेगळा प्रश्न. कामावर एमआयडीसीत गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते, आजूबाजूला फाउंड्र्या. पांढऱ्या गाड्यांवर बारीक नारिंगी ठिपके येतात, धुतले तरी जात नाहीत. लोकांना वाटतं आतून गंज आलाय. गंजच असतो, पण पत्र्याचा नाही. ग्राइंडिंगमधून उडालेले लोखंडाचे कण क्लिअरमध्ये रुतून बसतात आणि ते गंजतात. ब्रेकच्या पॅडमधूनही असेच कण उडतात, म्हणून गाडी कुठेही उभी करा, चाकांजवळ हे सापडणारच.

यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. गाडी धुऊन सावलीत फवारायचा. जिथे लोखंड असेल तिथे तो जांभळट लाल होऊन ओघळतो. पहिल्यांदा बघणारा घाबरतो, एवढं वाहतं. वास कुजक्या अंड्याच्या जवळपास. वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचा. त्यानंतरही हाताला खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बोनेटवरून बोटं फिरवा, नुसत्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून कळते. क्ले फिरवताना वंगण म्हणून शॅम्पूचं पाणी भरपूर हवं. आणि क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा, कितीही जीव तुटला तरी.

गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीची काजळी पडते, तीही कोरडी झटकू नका. पाणीच मारा.

पांढरारस्सा

आणि गुलालाचं काय? चैत्रात जोतिबाला गेलो की गाडी आतून-बाहेरून गुलाबी. गणपती आहेत, निवडणुका आहेत. कोल्हापुरात गाडीचा मूळ रंग कोणता हे आरसी बुक बघितल्याशिवाय कळत नाही.

उद्यमनगरी

गुलाल कोरडा हाय तवर हात लावायचा न्हाई. ब्लोअर नाहीतर प्रेशरनं उडवायचा. एकदा ओला फडका फिरला की रंग सुटून बीडिंगमधे, नंबरप्लेटच्या मागं, डिकीच्या खाचंत शिरतोय आन् पुढच्या चैत्रापर्यंत निघतोय. काळ्या बॉडीला काय होत न्हाई, पण पांढऱ्या गाडीचं न रंगवलेलं काळं प्लास्टिक आन् आतलं कापड धरून ठेवतंय. दसऱ्याच्या पूजेला बोनेटवर कुंकवाची बोटं ओढत्यात, त्याचंबी तेच. पूजा करायची, दुसऱ्या दिवशी पाण्यानं धुवायचं. नारळ मात्र बोनेटवर फोडू नका रे. हे मी थट्टेनं लिवलेलं न्हाई, तसली गाडी आमच्याकडं डेंट काढायला आलीय.

फुलेवाडीकर

एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. अल्कोहोलची टेस्ट केली. पुसलेली जागा आजूबाजूपेक्षा वाईट दिसतेय, म्हणजे उद्यमनगरी म्हणतात तेच.

ओळखीच्यांकडून पेंटची जाडी मोजायचं मीटर आणलं. आकडे मायक्रॉनमध्ये: बोनेट ९५ ते ११०, टप १००च्या आसपास, डावीकडची दारं १०५. उजवीकडचं मागचं दार २४०, आणि त्याच्यामागचा भाग एके ठिकाणी ६०० दाखवतो. बंपरवर मीटर काहीच दाखवत नाही.

मायक्रॉनमास्तर

बंपर प्लास्टिकचा आहे, साधं मीटर फक्त धातूवर चालतं. २४० म्हणजे दार परत रंगवलंय. ६०० म्हणजे खाली लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरलीय. अपघात मोठाच असेल असं नाही, पण गाडी देणाऱ्याने सांगितलं होतं का?

फुलेवाडीकर

"एकदम ओरिजिनल" असं सांगितलं होतं.

पांढरारस्सा

लांबी पण ओरिजिनलच असेल हो.

मायक्रॉनमास्तर

मीटर सगळ्या थरांची बेरीज सांगतं, क्लिअर किती उरलाय ते सांगत नाही. बोनेट ९५ ते ११० आहे, दारं त्याच्या जवळपास, त्यामुळे आधीच्या रबिंगने फार खाल्लं नसावं. तरी कडक कंपाउंडचा एक हात २ ते ४ मायक्रॉन नेऊ शकतो, बारीक पॉलिश एखादाच. तेव्हा शंभर टक्के चरे काढायचा हट्ट नको. बहुतेक निघाले आणि मोजके खोल चरे राहिले तरी गाडी उन्हात स्वच्छ दिसते. नख अडकतं असा चरा पॉलिशने काढायच्या भानगडीत पडूच नका, तो खाली रंगापर्यंत किंवा त्याच्याजवळ गेलेला असतो.

पुणेरी_पॅड

घरी करायचं तर ड्युअल ॲक्शन (डीए) मशीन घ्या, रोटरी नको. डीएचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी डोलतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही आणि होलोग्राम सहसा पडत नाहीत. जोर जास्त दिला तर पॅड फिरायचं थांबतं, म्हणजे मशीनच तुम्हाला आवरतं. थ्रो, म्हणजे पॅडच्या डोलण्याचा पल्ला, १५ मिलिमीटरचा असला की गाडीसाठी पुरेसं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टेस्ट स्पॉट. बोनेटवर दोन फूट बाय दोन फूट जागा टेपने आखा. सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करा, म्हणजे मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. जमलं नाही तरच पॅड बदला, तरीही नाही तर कंपाउंड. जपानी गाड्यांचा क्लिअर बऱ्याचदा मऊ, जर्मन गाड्यांचा कडक, असं आमच्या धंद्यात म्हणतात, पण त्यावर विसंबून कुणी काम सुरू करत नाही. टेस्ट स्पॉट सांगेल तेच खरं.

पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब. मशीन बंद असताना पॅड पत्र्यावर टेकवा, कमी स्पीडवर पसरा, मग स्पीड चार-पाचवर न्या. हात हळू, सेकंदाला इंचभर, नवी पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढलेली. एकदा आडवं, एकदा उभं. नवशिके हात फार भरभर फिरवतात, इस्त्री केल्यासारखा, आणि मग म्हणतात मशीन काम करत नाही. दर भागानंतर पॅड ब्रशने साफ करा, निघालेला क्लिअर आणि वाळलेलं कंपाउंड त्यात साचतं. मग अल्कोहोलने पुसा आणि टॉर्च लावून बघा. हे पुसणं गाळलं तर पॉलिशमधल्या तेलावर खूश होऊन तुम्ही परत त्याच जाळ्यात.

कंपाउंडच्या जाती दोन. काहींचे कण घासता घासता फुटून बारीक होतात, त्यांना पूर्ण वेळ द्यावा लागतो. मेग्वायर्स कंपनीच्या एम१०५ आणि एम२०५ सारख्यांत कण तेवढाच राहतो, त्यात पॅड, दाब आणि वेळ यांवर परिणाम ठरतो. बाटलीवर लिहिलेलं वाचा, सगळ्यांना एकच नियम लावू नका.

उद्यमनगरी

ह्यात माझी भर. बोनेटच्या कडा, दाराच्या धारा, मधल्या उठलेल्या रेघा, ह्या सगळ्यावर टेप लाव. कडेला रंग पातळ बसतोय आन् पॅडचा सगळा दाब तिथंच येतोय. बोनेटच्या मधोमध चुकलं तर सावरता येतंय, धारंवर सावरायला जागाच न्हाई, थेट प्रायमर दिसतंय. आन् उन्हात करू नको. पत्र्यावर तळहात ठेवून बघ, गरम लागला तर काम बंद. मे महिन्यात दुपारी गाडी सावलीत घेतली म्हणून पत्रा लगेच गार होत न्हाई.

त्या २४०वाल्या दाराला येगळा टेस्ट स्पॉट घे. गॅरेजचा क्लिअर कंपनीच्या क्लिअरसारखा वागंलच असं न्हाई. बहुतेक वेळा मऊ असतोय.

साखरपेरणी

सिरॅमिकचं कुणीच बोललं नाही. मला त्याच्या दुकानदाराने "ताई, किल्लीने ओढलं तरी चरा पडणार नाही" असं सांगून स्वतःच्या डेमो पत्र्यावर किल्ली ओढून दाखवली होती.

पुणेरी_पॅड

आता माझ्याच पोटावर पाय देतो. सिरॅमिक चांगलं आहे, मी लावतो, माझ्या गाडीलाही आहे. पाणी आणि चिखल टिकत नाही, गाडी धुवायला सोपी जाते, ऊन आणि पक्ष्यांची घाण थोडी जास्त सोसते. पण सिरॅमिकची जाहिरात करताना सांगतात तो कठीणपणा, ९एच, म्हणजे पेन्सिलीचा ९एच. पेन्सिलीने कोटिंगवर चरा पडतो का, एवढीच ती चाचणी. मोह्सच्या पट्टीवर ९ला कुरुंद बसतो, ज्याचे माणिक आणि नीलम होतात. या दोन ९चा एकमेकांशी संबंध नाही. कोटिंगचा थर फार पातळ असतो, धुळीच्या फडक्याने त्यावरही जाळी पडते. आणि खाली जाळी असताना वरून सिरॅमिक मारलं तर जाळी त्याच्याखाली कोंडली जाते. मग काढायची तर आधी सिरॅमिक घासून काढा.

दगड-गिट्टी आणि खऱ्या ओरखड्यांसाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. तो टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकचा जाड थर असतो, दीडशे-दोनशे मायक्रॉनच्या घरात, म्हणजे तुमच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. वरचे हलके चरे उन्हात किंवा गरम पाण्याने स्वतः बुजतात. महाग आहे. हायवेवर रोज जाणाऱ्याने निदान बोनेट आणि बंपरला विचार करावा.

शहरात फिरणाऱ्या, आठवड्याला नीट धुतल्या जाणाऱ्या गाडीला चांगला सीलंटसुद्धा (वॅक्ससारखाच लावायचा, पण कृत्रिम थर) काही महिने पुरतो. कार्नोबा वॅक्स काळ्या गाडीवर फार सुंदर दिसतं, पण ब्राझीलमधल्या पामच्या पानांचं ते मेण आपल्या पावसात काही आठवडेच टिकतं. हौस म्हणून लावा.

वडापवाला

म्हंजे शेवटी मेण अन् तेलच. मी काय सांगत होतो?

मायक्रॉनमास्तर

काका, घ्या, एक मुद्दा तुमचा.

फुलेवाडीकर

अपडेट. डीए मशीन मित्राचं आणलं. बोनेटवर टेस्ट स्पॉट घेतला. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने होलोग्राम गेले, जाळी अर्धी राहिली. मध्यम पॅड लावल्यावर टॉर्चखाली फक्त चार-दोन सुटे चरे. कंपाउंडला हात लावावा लागला नाही. आखलेली टेप काढली तेव्हा तिच्या एका बाजूला जाळं आणि दुसऱ्या बाजूला टॉर्चचा नुसता स्वच्छ ठिपका, आमच्या मातोश्रींनाही बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता बाकीची गाडी जास्तच वाईट दिसाय लागली की."

बोनेट आणि टप झालं. दारं पुढच्या रविवारी. एक शंका, घरी बोअरचं पाणी आहे. धुतल्यावर काळ्यावर पांढरे ठिपके उठतात.

साखरपेरणी

शेवटचं पाणी नळाचं घ्या आणि वाळू न देता लगेच टिपा. ताजे डाग व्हिनेगर पाण्यात पातळ करून फडक्याने दाबून ठेवले की सुटतात, नंतर लगेच स्वच्छ धुवायचं. क्षार उन्हात भाजून रंगात खड्डा पडला असेल तर मात्र पॉलिशच.

कबुतरांचं पण तसंच. वाळलेली घाण खरवडायची नाही, ओलं फडकं ठेवून भिजू द्यायची.

पांढरारस्सा

वाखुसा (वाचनखूण साठवली). आता माझा खरा प्रश्न. हेच पॉलिश आणि हेच मशीन बुलेटच्या काळ्या टाकीवर चालेल का? टाकीवर सोनेरी रेघा आहेत.

उद्यमनगरी

रेघंवरनं नख फिरव. उंचवटा लागला तर रेघ क्लिअरच्या वर हाय, मशीन लावलंस की पुसून जाईल. टेप लाव आन् जवळचं हातानंच कर. काय लागलं न्हाई तर रेघ क्लिअरच्या खाली हाय, बिनधास्त कर, पण तीन इंची छोटं पॅड घे, टाकीला सपाट जागाच कुठं हाय? आन् गुडघे लागतात तिथं क्लिअर आधीच झिजलेला असतोय, तिकडं नुसतं वॅक्स.

पांढरारस्सा

नख फिरवलं. डावीकडे लागतं, उजवीकडे लागत नाही.

उद्यमनगरी

मग एक बाजू कुणीतरी परत रंगवलीय भावा. गाडी देणारा काय म्हणाला होता?